स्वयंचलित गिअरपेटी आणि तिचे तेल

बैलगाडीच्या काळात गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. कण्याला वेळेवर तेल मिळाले नाही, म्हणजे चाक प्रथम कुरकुरे, मग तापे, आणि अखेरीस कणा झिजून गाडी भर वाटेत बसे. गाडीवानाला अक्षरओळख नसली, तरी चाकाची ती कुरकुर त्याला उत्तम वाचता येई. आजच्या गाडीचे वंगण मात्र पोलादाच्या व अ‍ॅल्युमिनियमच्या बंद पेट्यांत दडलेले असते. त्यातून तक्रारीचा आवाज बाहेर येईपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. जे काम गाडीवान कानाने करी, तेच आज आपणांस ज्ञानाने, मोजमापाने आणि नोंदीने करावे लागते. स्वयंचलित गिअरपेटीतील तेल कोणते कार्य करते, ते का बिघडते आणि ते कसे बदलावे, याचा थोडा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

हा विषय आपल्या पेडणे व डिचोली तालुक्यांना परका नाही. पहाटेच्या वेळी बाजारात नारळ, केळी, मिरची, भाजी घेऊन येणारी पिकअप गाडी ही आज कित्येक घरांची दुभती गाय आहे. डिचोलीकडील अनेक घरांची चूल तर वर्षानुवर्षे खनिज वाहणाऱ्या ट्रकांवर पेटत आली. २०१२ च्या सप्टेंबरात, आणि पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये, लोहखनिजाचे उत्खनन थांबले, तेव्हा चाक थांबले म्हणजे घर कसे थांबते, हे त्या कुटुंबांनी अनुभविले. गाडी नादुरुस्त होऊन महिनाभर उभी राहिली, तरी लहान प्रमाणावर तेच घडते. गाडीची निगा हा म्हणूनच केवळ हौशी लोकांचा विषय नव्हे.

आपल्याकडील बहुतेक पिकअप गाड्यांत अद्याप हाताने बदलावयाचे गिअर व पायाने दाबावयाचा क्लच असतो. परंतु अलीकडे स्वयंचलित गिअरपेटीच्या पिकअपही रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ साली भारतात आलेली टोयोटाची हायलक्स या गाड्यांत सहा वेगांची अशी पेटी मिळते. तिच्यात चालकाला क्लच दाबावा लागत नाही व दांडा सारखा हलवावा लागत नाही. मग ते काम करतो कोण? याचे उत्तर ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ते काम मुख्यतः तेल करते.

दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवावे, आणि त्यांतील एकच चालू करावा. त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखाही हळूहळू फिरू लागतो. दोन्ही पंख्यांत कोणताही दांडा वा साखळी नाही, तरी एकाची गती दुसऱ्याला पोहोचली. आता वाऱ्याच्या जागी तेल आहे व दोन्ही पंखे एका बंद डब्यात आहेत, अशी कल्पना करावी. इंजिन एक पंखा फिरविते. त्याने फेकलेले तेल दुसऱ्या पंख्यावर आदळते व गाडीची चाके फिरू लागतात. गाडी उभी असताना इंजिन चालू राहू शकते, कारण मधल्या तेलाला घसरण्याची मुभा असते. या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्यात या दोहोंच्या मध्ये एक तिसरे चक्र असते. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळविते, आणि त्यामुळे गाडी जागेवरून हलताना फिरविण्याचा जोर सुमारे दुपटीपर्यंत वाढतो.

ही युक्ती मोटारीसाठी शोधली गेली नव्हती, ती जहाजासाठी होती. वाफेवरील टर्बाईन अतिशय वेगाने फिरते, आणि जहाजाचा पंखा तर सावकाश फिरला पाहिजे. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली द्रवाच्या द्वारे शक्ती पोहोचविण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेतील जनरल मोटर्स या कंपनीने १९४० सालच्या नमुन्याच्या ओल्डस्मोबिल मोटारीत हायड्रामॅटिक नावाची पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी विक्रीस आणली. समुद्रावरची कल्पना अशा रीतीने रस्त्यावर आली.

गती पोहोचविणे हे तेलाचे पहिले काम झाले. त्याचे दुसरे काम समजण्यास विद्यार्थ्यांनी पास्कलचा नियम आठवावा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, असे तो नियम सांगतो. गिअरपेटीतील पंप तेलावर दाब निर्माण करतो, आणि झडपा ते तेल हव्या त्या क्लचाकडे वळवितात. समजा, तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला १० किलोग्रॅमभार आहे, आणि क्लच दाबणाऱ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर आहे. मग क्लचाच्या चकत्या १००० किलोग्रॅमभार इतक्या बळाने आवळल्या जातील. चालकाच्या डाव्या पायाचे व डाव्या हाताचे काम हे तेल असे करते. घर्षण कमी करणे हे त्याचे तिसरे काम, आणि आतील उष्णता शोषून ती शीतकापर्यंत वाहून नेणे हे चौथे.

यांतील एक विरोध ध्यानात घेण्यासारखा आहे. दातेरी चक्रांसाठी तेल निसरडे हवे, पण क्लचाच्या चकत्या घट्ट धरल्या जाव्यात म्हणून ते फार निसरडेही नको. हा समतोल साधण्यासाठी तेलात निरनिराळी द्रव्ये मिसळतात. एके काळी अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेल या महाकाय सागरी जीवापासून मिळणारे तेल वापरीत. १९७० च्या सुमारास व्हेलच्या रक्षणासाठी तेथील कायदे कडक झाले, आणि रसायनशास्त्रज्ञांना त्याच्या जागी दुसरी द्रव्ये शोधावी लागली. या इतिहासातून एक व्यावहारिक बोध मिळतो. हे तेल म्हणजे कोणतेही वंगण नव्हे. प्रत्येक गिअरपेटीच्या चकत्यांना जुळेल असेच ते बनविलेले असते, आणि इंजिनाचे तेल किंवा दुसऱ्या जातीचे स्वस्त तेल तिच्यात ओतल्यास चकत्या घसरू लागतात किंवा धक्के देऊन आवळतात.

आता हे तेल बिघडते कसे, ते पाहू. त्याचा पहिला शत्रू उष्णता होय. गाडी भार घेऊन चोर्ला घाट चढत असेल, तेव्हा कमी वेगात टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल सारखे घुसळले जाते. ताक घुसळताना रवीला श्रम पडतात. येथे ते श्रम इंजिनाला पडतात, आणि वाया गेलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने तेलात उतरते. रसायनशास्त्रातील एक ढोबळ नियम असा की, तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले, की तेलाचा प्राणवायूशी संयोग होण्याचा वेग अदमासे दुप्पट होतो. नेहमीपेक्षा ३० अंश अधिक तापलेले तेल या हिशेबाने आठपट वेगाने जुने होते. बेळगावची भाजी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाडीचा चढ आणि चिऱ्यांनी वा खतांच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीचा चढ किलोमीटरच्या आकड्यात सारखेच दिसतात, पण तेलाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

दुसरा शत्रू पाणी. आपल्याकडील पावसाळा कसा असतो, ते सांगावयास नको. २०२१ च्या जुलै महिन्यात पेडणे, डिचोली व सत्तरी या तालुक्यांतील अनेक गावांत पुराचे पाणी शिरले होते. गिअरपेटीत हवेला जा-ये करण्यासाठी श्वासनळी असते. धावून तापलेली पेटी एकाएकी पुराच्या थंड पाण्यात बुडाली, की आतील हवा आकुंचन पावते, आणि ती नळी जर पाण्याखाली गेली असेल, तर पाणी आत ओढले जाते. शीतकाला आतून चीर पडली, तरी पाणी तेलात मिसळते. क्लचाच्या चकत्यांवरील अस्तर कागदासारख्या तंतुमय पदार्थाचे असून ते डिंकाने चिकटविलेले असते. पाण्याने ते फुगते व सुटू लागते. पाण्यातून गेलेल्या गाडीचे तेल तपासल्याशिवाय ती पुन्हा कामास जुंपू नये.

तेलाची अवस्था डोळ्यांनी व नाकाने ओळखता येते. पुष्कळशा कंपन्यांचे नवे तेल तांबडे असते. इंजिनाच्या तेलाहून ते वेगळे ओळखू यावे म्हणून त्यात मुद्दाम रंग घातलेला असतो. वापराने ते तपकिरी होते, आणि हे स्वाभाविक आहे. पण काळसर रंग व करपल्याचा वास आल्यास चकत्या जळत आहेत असे समजावे. तेल सोलकढीसारखे दुधाळ गुलाबी दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे यात संशय नाही. सोलकढी ताटात शोभते, गिअरपेटीत नव्हे.

तेल केव्हा बदलावे, याविषयी पुष्कळ मतभेद ऐकू येतात. काही जण म्हणतात की, हे तेल गाडीच्या जन्मभर पुरते. हे विधान करताना जन्म म्हणजे किती वर्षे, आणि ती गाडी कोणत्या रस्त्यावर काय वाहणार, याचा विचार केलेला नसतो. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत साधारण वापराचे एक कोष्टक असते, आणि डोंगर, भार, धूळ, उष्णता अशा कठोर वापरासाठी बहुधा वेगळी सूचना असते. आपल्या भागातील मालवाहू गाडीचा वापर हा जवळजवळ नेहमीच कठोर असतो. तेव्हा पुस्तिकेतील ते दुसरे पान वाचावे व त्यास प्रमाण मानावे. किलोमीटर झाले नाहीत, म्हणून वर्षे मोजू नयेत असेही नाही. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीचे तेलही दमट हवेत हळूहळू ओलावा धरते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. हे काम जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच व्हावे. विद्यार्थ्यांनी प्रथम पाहावे, मग हाताशी राहून शिकावे. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, हातब्रेक ओढावा व चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत. गाडी वर उचलावयाची असल्यास ती भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. तेल कोमट असावे. थंड तेल दाट असल्याने पूर्ण निथळत नाही, आणि उकळत्या तेलाने हात भाजतो.

तेल काढण्याच्या बुचाला हात लावण्यापूर्वी तेल भरण्याचे बूच सुटते की नाही, हे आधी पाहावे. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण खालचे बूच काढून सर्व तेल सांडल्यावर वरचे बूच गंजून बसल्याचे ध्यानात आले, तर गाडी तेथेच अडकते. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण अशा प्रसंगी अक्षरशः खरी ठरते.

यानंतर खालचे बूच काढून तेल स्वच्छ भांड्यात धरावे. ते निवल्यावर मापाच्या डब्याने मोजावे आणि आकडा लिहून ठेवावा. जेवढे निघाले, तेवढे भरावयाचे आहे, ही पहिली अटकळ होय. आधीच्या माणसाने कमी वा अधिक भरले असेल, तर तेही येथेच उघडकीस येते. त्यानंतर गिअरपेटीचे तळताट उतरवावे. त्यात लोहचुंबक बसविलेले असतात. त्यांवर राखेसारखा बारीक करडा लेप सापडला, तर ती नेहमीची झीज होय. परंतु चकाकणारे कण वा तुकडे सापडले, तर आतील एखादा भाग तुटत आहे, आणि अशा वेळी नुसते तेल बदलून भागत नाही. लोहचुंबक व तळताट स्वच्छ पुसावे, आणि पुस्तिकेनुसार गाळणी व सांध्याची पट्टी नवी घालावी. पुसण्यास धागे न सुटणारे फडके घ्यावे, कारण एक धागाही झडपेत अडकू शकतो. तळताटाचे बोल्ट एका बाजूने क्रमाने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळीत जावे व शेवटी पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकेच घट्ट करावे.

खालच्या बुचातून सर्व तेल निघत नाही. पुष्कळसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये व शीतकाच्या नळ्यांत राहून जाते. समजा, गिअरपेटीत एकूण १० लिटर तेल आहे आणि एका वेळी ५ लिटर निघते. पहिल्या बदलानंतर जुने तेल ५ लिटर उरेल. गाडी काही अंतर चालवून, तेल एकजीव झाल्यावर, दुसऱ्यांदा बदलले तर जुने २.५ लिटर उरेल, आणि तिसऱ्या बदलानंतर १.२५ लिटर, म्हणजे एकूण तेलाचा आठवा हिस्सा उरेल. वर्गातील भूमितीय श्रेढी ती हीच. जुने तेल पूर्ण शून्य कधीच होणार नाही, पण तीन वेळांत ते पुरेसे कमी होते.

नवे तेल भरल्यावर ब्रेकवर पाय दाबून ठेवून इंजिन चालू करावे आणि दांडा पी, आर, एन, डी या प्रत्येक स्थानावर क्षणभर थांबवीत फिरवावा, म्हणजे तेल सर्व वाटांनी पोहोचते. मग पातळी पाहावयाची. पुष्कळ आधुनिक पेट्यांना मोजपट्टी नसते, तर पातळीचे एक बूच असते. इंजिन चालू असताना ते काढले, की जादा तेल आपोआप बाहेर येते, आणि धार मंदावून थेंब पडू लागले की बूच लावावयाचे. मात्र हे पुस्तिकेने ठरवून दिलेल्या तापमानातच करावे लागते. त्याचे कारण सोपे आहे. उष्णतेने तेल प्रसरण पावते. दर अंशाला त्याचे आकारमान ०.०००७ पटीने वाढते असे धरले, तर १० लिटर तेल ३० अंशांवरून ९० अंशांवर गेल्यावर ०.४२ लिटरने वाढेल, म्हणजे जवळजवळ दोन पेले. फार तापलेल्या तेलावर पातळी ठरविली, तर गाडी थंड झाल्यावर तेल कमी पडेल. कमी तेलात पंप हवा ओढतो. अधिक भरले, तर फिरती चक्रे ते घुसळून फेस करतात. फेसात हवा असते, आणि हवा दबते. दबणाऱ्या हवेला पास्कलच्या नियमाप्रमाणे क्लच आवळता येत नाही. कमी आणि अधिक या दोन्ही चुकांचा शेवट असा एकच होतो.

गाडीचे काम येथे संपले, पण माणसाचे संपले नाही. भांड्यातील पाच-सात लिटर जुने तेल अजून समोर आहे. ते कोठे जाणार? आपल्याकडे असे तेल वाळवी लागू नये म्हणून खांबांना व कुंपणाच्या मेढ्यांना फासतात, धूळ बसावी म्हणून अंगणात शिंपडतात, नाहीतर बांधाच्या कडेला ओततात. यामागे वाईट हेतू नसतो. काटकसरीचीच बुद्धी असते. पण आपली भूमी जांभ्या दगडाची आहे, आणि जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून जसे विहिरीला व झरीला मिळते, तसेच त्या पाण्याबरोबर तेलही वाट काढते. पाण्यावर पसरलेला त्याचा पातळ थर हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळू देत नाही, आणि जुन्या तेलात धातूंची झीजही उतरलेली असते. ज्या विहिरीवर उन्हाळ्यात सारा वाडा अवलंबून असतो, तिची किंमत कोणत्याही गिअरपेटीहून अधिक आहे.

भारत सरकारच्या २०१६ सालच्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे, आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. शुद्ध करून त्यातून पुन्हा वंगण तयार करता येते. घरी तेल बदलणाऱ्याने ते झाकणाच्या डब्यात साठवावे. त्यात पाणी, रॉकेल वा रंग मिसळू नये. मग ज्या गॅरेजमधून किंवा सेवाकेंद्रातून ते अधिकृतपणे उचलले जाते, तेथे नेऊन द्यावे. गॅरेजमध्ये बदलून घेणाऱ्यानेही जुने तेल कोठे जाते, हे विचारण्यास संकोच करू नये. गिऱ्हाईक विचारू लागले, म्हणजे दुकानदारही जपू लागतो.

ज्या विद्यार्थ्यांस यंत्रांची आवड आहे, त्यांना हे शास्त्र शिकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पेडणे आणि डिचोली या दोन्ही ठिकाणी सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. पण ज्यांना मेकॅनिक व्हावयाचे नाही, त्यांनाही एक काम आजच करता येईल. घरी जी गाडी असेल, मग ती पिकअप असो, मोटार असो वा स्कूटर, तिच्यासाठी एक वही घालावी. तेल कोणत्या तारखेस बदलले, त्या वेळी किलोमीटर किती झाले होते, कोणत्या जातीचे तेल किती लिटर निघाले व किती भरले, तळाशी काय सापडले, आणि जुने तेल कोणाच्या स्वाधीन केले, हे सर्व त्यात लिहावे. वडील किंवा काका गाडी चालवितात, दिवसभर थकून येतात, त्यांना हे टिपून ठेवण्यास सवड नसते. पुस्तिका इंग्रजीत असल्यास तिच्यातील त्या पानाचा अर्थ मराठीत उतरवून वहीच्या आरंभी लिहावा. गिअरपेटी दुरुस्त करावयाची वेळ आली, तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो, आणि वहीला लागतात फार तर वीस-पंचवीस रुपये. जुना गाडीवान चाकाचा आवाज ऐकून जे जाणीत असे, ते पुढल्या वेळी तेल बदलताना ही वही सांगेल.